नंदाखाल-निर्मळ पट्टा : खासगी वाडीतलं बावखल बुजवायला बंदी हवी का?

वाडीकर :
वसईच्या आमच्या पट्ट्यात एकामागून एक बावखलं, म्हणजे वाडीतली गोड्या पाण्याची जुनी तळी, भरावाखाली चालली आहेत. जागा खासगी असली तरी बंदी हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाचं पाणी बावखलात साठतं, रेताड जमिनीत मुरतं आणि समुद्राकडून आत सरकणारं खारं पाणी मागे रेटतं. पूर्वी रहाटाने, आता पंपाने तेच पाणी पाटातून केळीला नि पानवेलीला जातं. एकाने भराव घातला की शेजाऱ्यांच्या विहिरी मचूळ होतात.

सोनचाफा :
बंदी घाला म्हणणं सोपं आहे हो. अंधारात उठून फुलं खुडायची, पहाटेच्या लोकलने दादर गाठायचं आणि सणवार सोडले तर मिळेल त्या भावाला माल द्यायचा. मजूर मिळत नाहीत. वाटण्या होऊन वाडीचे तुकडे झालेत. मुलीच्या शिक्षणासाठी मी चार गुंठे विकले तर कुणाचं काय बिघडलं?

वाडीकर :
विका ना, पण बावखल सोडून विका. जुलै 2018 आठवा. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, मिठागरात माणसं अडकलेली. पाण्याच्या जागा बुजवल्या तर ते घरातच शिरणार.

भुईगावची लेक :
धर्मग्रामानेच, म्हणजे आपल्या चर्चच्या पॅरिशनेच, पुढाकार घ्यावा. वसईची हिरवाई वाचवायच्या ‘हरित वसई’ लढ्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले, तेव्हा गावंच्या गावं रस्त्यावर उतरली. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात सगळे भेटतातच, तिथे विषय काढा.

वाडवळ :
ताई, याला विरोध आहे. बावखलं आम्हा वाडवळांची, सामवेदी ब्राह्मणांची, भंडाऱ्यांचीही आहेत. चर्चच्या आवारात ठरलेलं आम्ही का मानायचं? हा ग्रामसभेचा विषय.

भुईगावची लेक :
कुठली ग्रामसभा, दादा? 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि 53 गावं मिळून महापालिका झाली. नगरसेवकाला टॉवरची मतं दिसतात, आमच्या विहिरी नाहीत. चर्चचं आवार नको तर निर्मळच्या देवळापाशी बसू, पण बसू.

सोनचाफा :
बसा, मीही येतो. पण माझं बावखल सगळ्या गावाचं पाणी राखत असेल, तर त्याचा गाळ काढायचा खर्च माझ्या एकट्याच्या माथी का? घरपट्टीत सूट आणि दरवर्षी गाळाचे पैसे लेखी मिळाले तर मी सही करतो. तोवर बंदीला माझा विरोधच.