सरांशी पटतं म्हणून मुलाला कड्यावर पाठवायचं का?

नववीतल्या मुलाची आई, नाशिक
दोन वर्षांपूर्वीपर्यंत शाळेतून दर आठवड्याला माझ्या मुलाची तक्रार यायची. मग पीटीला नवे सर आले. ते स्वतः गिर्यारोहक आहेत. आता त्याची गणिताची वही पूर्ण असते, कारण वही अपुरी राहिली तर सर रविवारी अंजनेरीला नेत नाहीत. घरी जे बोलत नाही ते तो सरांशी बोलतो. याचा मला आनंदच आहे.

डिसेंबरात सर आठ मुलांना एका सुळक्यावर प्रस्तरारोहणाला नेणार आहेत. संमतीपत्र चार दिवस टेबलावर पडून आहे. माझी भीती दोर तुटण्याची नाही. मुलाला सर इतके आवडतात की पाय लटपटत असतानाही तो त्यांना 'नको' म्हणणार नाही, ही भीती आहे. एवढं पटणं चांगलं की धोक्याचं?

निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा
सही करू नका. मारकुट्या मास्तरांना मुलं खोटं बोलून टाळतात. आवडत्या मास्तरांपुढे दुखणं लपवतात. माझ्या वर्गातला एक मुलगा अंगात ताप असताना क्रीडादिनाला 800 मीटर धावला. का, तर मी आदल्या दिवशी म्हटलं होतं, "उद्या तुझ्यावर भिस्त आहे." शेवटच्या वळणावर तो कोसळला. वाचला, पण ते वाक्य मी अजून विसरले नाही. मैदानावर मुलगा मातीत पडतो. कड्यावर काय?

दोरवाला, ठाणे
बाई, तुमचं दुःख समजतं, पण कातळावरची रीत वेगळी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी अठरा वर्षं चढतोय.

नवशिक्याला टॉप रोपवर चढवतात. दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे कातळात पक्क्या केलेल्या आधारातून, खाली येतो; खाली उभा असलेला दोर सांभाळणारा, म्हणजे बिलेअर, तो ताणून धरतो. हात सुटला तर मुलगा बहुधा फूटभर खाली येऊन लटकतो. चढण्याआधी दोघांनी एकमेकांची गाठ, हार्नेसचं (कमरेच्या पट्ट्याचं) बक्कल आणि कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या कडीचं) लॉक तपासायचं, हा नियम. म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा सरांची गाठ तपासतो आणि चुकली असेल तर तोंडावर सांगतो. शाळेत दुसरीकडे कुठे मुलाला सरांचं काम तपासायला मिळतं? माझ्या गुरूंनी पहिल्या दिवशी मला बारा फुटांवर नेऊन "आता म्हण, खाली घ्या" एवढंच शिकवलं. चढाई दुसऱ्या रविवारी.

आई, सरांना हे विचारा: अँकर किती आणि कोण लावणार, मुलांमागे प्रशिक्षित माणसं किती, रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं) आहे का, असल्यास प्रत्येकाला वेगळा सुरक्षा-दोर आहे का आणि दोराच्या टोकाला गाठ मारणार का. उतरताना सगळा भार यंत्रणेवर असतो, आणि दमलेला माणूस तिथेच चुकतो. परतीची वाट आणि जवळचं रुग्णालयही विचारा. उत्तर द्यायला सर कुरकुरले तर सही नको.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा
नियम सगळीकडे असतात. ऑक्टोबर 2022 मध्ये उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा शिखराजवळ हिमस्खलनात सापडली. दोन डझनांहून जास्त जीव गेले, बहुतेक शिकायला आलेले. प्रशिक्षक सविता कंसवालही गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते. याहून चांगली गुरू कुठून आणणार?

दोरवाला, ठाणे
ते हिमालयातलं हिमस्खलन, सह्याद्रीत बर्फ नाही. इथे सुटे दगड असतात, आग्या मोहोळ असतं. पण तुमचा मुद्दा मी झटकणार नाही. सह्याद्रीतले दिग्गज अरुण सावंत जानेवारी 2020 मध्ये कोकणकड्यावर अपघातात गेले. त्या दिवसापासून मी कुणालाही 'अनुभवी सर आहेत, काळजी नको' असं सांगत नाही.

एफवाय, पुणे
मी 19 वर्षांची आहे. मोठी माणसं धोक्याबद्दल बोलतायत, ओढीबद्दल कोणी नाही. वर्गात मी कशी आहे हे कायम दुसरं कोणीतरी सांगायचं. कातळावर बोटं टिकतात किंवा सुटतात, ते मला स्वतःला कळतं. त्या वेळी डोक्यात दुसरं काहीच नसतं, ना मार्क, ना घरची भांडणं. आमच्या मॅडमनी मला एकदा माथा वीस फुटांवर असताना परत फिरवलं. मी रडले. त्यानंतर मात्र त्यांनी "जा" म्हटलं की मी खात्रीने जायचे.

दोन मुलांचा बाप, डोंबिवली
अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 साली संगणकावरच्या गाडीच्या खेळातून पाहिलं: मित्र सोबत असले की 13 ते 16 वर्षांची मुलं एकट्यापेक्षा जास्त धोका पत्करतात. पुढे 2016 च्या प्रयोगात 18 ते 22 वर्षांच्या मुलांच्या घोळक्यात वयाने थोडा मोठा माणूस बसवला, तर ती वाढ दिसली नाही. मुलं सरांशिवाय गडावर जाणारच आहेत, मोबाइल घेऊन, टोकावर उभी राहायला. त्यापेक्षा सरांसोबत जाऊ देत.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा
पडद्यावरची गाडी आदळली तर आईला फोन जात नाही. आणि तो मोठा माणूस त्या मुलांचा लाडका सर नव्हता. माझा प्रश्न तिथेच आहे.

नववीतल्या मुलाची आई, नाशिक
सगळ्यांचे आभार. सरांना प्रश्न विचारले. ते कुरकुरले नाहीत. उलट रविवारी सरावाला बोलावलं. गेले. माझा मुलगा अर्ध्यावर अडकला. पाय थरथरत होते. खाली सात मित्र बघत होते. मी श्वास रोखून उभी. बराच वेळ गेला आणि तो ओरडला, "सर, खाली घ्या." सरांनी लगेच दोर सोडत त्याला उतरवलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा
हे बरं झालं. पण त्यानंतर दिवसभर सर त्याच्याशी कसे वागले? मुलं तेवढंच बघतात.

नववीतल्या मुलाची आई, नाशिक
निघताना दोर गुंडाळायला त्यालाच दिला. दर रविवारी तोच गुंडाळतो म्हणे. सरावाच्या कागदावर सही केली. सुळक्याच्या कागदासाठी शुक्रवारपर्यंत वेळ आहे, आणि या वेळी मी आधी मुलाला विचारणार आहे.