सर्किट बोर्डावर प्रोब स्थिर धरण्याचा स्वस्त उपाय कोणता?

प्रश्न (निपाणी)
माझे इन्व्हर्टर व स्टॅबिलायझर दुरुस्तीचे लहान दुकान आहे. दोन्ही हात प्रोब (मोजणीसाठी बोर्डाला टेकवायचे टोकदार साधन) धरण्यात गुंततात आणि स्कोपचे (विजेचे तरंग पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचे) बटण फिरवायला कोणी उरत नाही. मागच्या आठवड्यात टोक घसरून आयसीचे शेजारचे दोन पाय जोडले गेले आणि गिऱ्हाइकाचा चांगला आयसी माझ्याच हातून जळाला. मगरचिमट्यांचा स्टँड आणून पाहिला, पण सांधे कितीही आवळले तरी केबलच्या ओढीने तो हळूहळू झुकतो. तयार प्रोब-स्टँड परवडणारे नाहीत. कमी खर्चात काय करता येईल?

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव)
प्रोब घट्ट पकडण्याचा विचार सोडावा. ती स्वतःच्या वजनाने टेकली पाहिजे. घट्ट पकडलेली प्रोब टेबलाला धक्का बसताच पॅडवरून (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावरून) सरकते, उलट बिजागरीसारखी वरखाली हलणारी प्रोब बोर्डाबरोबर हलते आणि टोक जागेवर राहते. आमच्याकडे मशीनशॉपमध्ये डायल गेजचे (बारीक मोजमापाच्या घड्याळासारख्या उपकरणाचे) जुने चुंबकी स्टँड असतात, ज्यांची बारीक जुळणी बिघडली तरी चुंबक शाबूत असतो. असा एखादा भंगाराच्या भावात मिळतो का ते पाहावे. त्याच्या दांड्याला सायकलचा स्पोक सैल खिळीवर बसवावा, पुढच्या टोकाला प्रोब बांधावी आणि टोकाजवळ दोन-तीन नट अडकवून भार वाढवावा. बोर्ड व स्टँड एकाच लोखंडी पत्र्यावर ठेवावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केबल आधी दांड्याला बांधून पुढे थोडी सैल सोडावी. आपला स्टँड झुकला तो याच ओढीमुळे.

उत्तर (खानापूर)
वरील युक्ती चांगली आहे, पण एकाच बिंदूवर अर्धा तास मोजायचे असेल तर मी सरळ ३० गेजची वायर-रॅप तार सोल्डर करतो आणि ताण पॅडवर येऊन ते उखडू नये म्हणून तार कॅप्टॉन (उष्णता सहन करणाऱ्या) टेपने बोर्डावर चिकटवतो. मात्र वेगवान स्विचिंगचे तरंग पाहताना अशी लांब तार वापरू नये, कारण तारेच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे साधारण १० नॅनोहेन्री इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) वाढतो आणि प्रत्यक्षात नसलेले कंप स्कोपवर दिसू लागतात. स्कोपची लांब ग्राउंड क्लिपही हाच घोळ घालते; तेथे प्रोबच्या टोकाजवळ बसणारी छोटी स्प्रिंग वापरावी. एकाच प्रकारचे बोर्ड वरचेवर येत असतील, तर अॅक्रिलिकच्या तुकड्यात पोगो पिना (स्प्रिंगवर दबणाऱ्या टोकदार पिना) बसवून साचा करणे फायद्याचे ठरते.

उत्तर (चिकोडी)
एक सावधगिरी लिहिणे आवश्यक वाटते. वीजपुरवठा भागाच्या प्राथमिक (मेन्सला जोडलेल्या) बाजूला २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो, त्यामुळे तेथे लोखंडी पत्रा व उघडा स्पोक नको. लाकडी फळी आणि प्लॅस्टिकची नळी बरी. साध्या स्कोपची ग्राउंड क्लिप तर त्या बाजूला कधीही लावू नये, कारण ती अर्थिंगशी जोडलेली असते. शिवाय शक्तिशाली चुंबक फेराइट कॉइलजवळ ठेवल्यास गाभा संपृक्ततेकडे (आणखी चुंबकत्व न घेण्याच्या स्थितीकडे) सरकून वाचन बदलू शकते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. मला भंगारात स्टँड मिळाला आणि स्पोक बसवून पाहिला; टोक खरोखरच हलत नाही. अडचण एवढीच की वॉर्निश मारलेल्या बोर्डावर केवळ वजनाने संपर्क होत नाही, त्यामुळे तेवढा बिंदू ब्लेडने खरवडावा लागतो. प्रोबच्या टोकाला शिवणाची सुई बांधून पाहणार आहे.

उत्तर (उद्यमबाग, बेळगाव)
सुई बांधताना तिचे टोक तेवढे उघडे ठेवून वरचा भाग हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणाऱ्या) नळीने झाकावा, नाहीतर ती तिरकी होऊन शेजारच्या पायाला लागेल.