आशिया कप ड्रॉ: जपान, व्हिएतनाम, तैपेई. पर्थला कुठल्या मॅचचं तिकीट काढू?

सांगलीकर_पर्थ (30 जुलै 2025)

मंडळी, काल सिडनीत महिला फुटबॉल आशिया कपचा ड्रॉ झाला. आपण चौथ्या, म्हणजे सगळ्यात खालच्या रँकिंगच्या पॉटमध्ये होतो, त्यामुळे सोपं काही वाट्याला येणार नव्हतंच. आलाय तो गट क: जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई. पण पहिल्या दोन मॅच चक्क आमच्या गावात आहेत! 4 मार्च 2026 ला व्हिएतनाम आणि 7 मार्चला जपान, दोन्ही पर्थ रेक्टँग्युलर स्टेडियमवर. 10 मार्चची तैपेईची मॅच मात्र सिडनीला, पॅरामाटात.

आता खरा प्रश्न. 4 तारीख बुधवार आणि 7 तारीख शनिवार. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकमत झालंय की शनिवारी जपानची मॅच बघू, घोळक्याने तिकिटं काढू, झेंडे-बिंडे घेऊन जाऊ. नवरा म्हणतो, ‘हरणार तर आहोतच, निदान जपानचा फुटबॉल तरी बघायला मिळेल.’ बुधवारी रजा टाकून व्हिएतनामसाठी जायला कुणी तयार नाही.

लेक अकरा वर्षांची आहे, इथल्या क्लबमध्ये लेफ्ट बॅक (डाव्या बाजूची डिफेंडर) खेळते. तिला भारताची मॅच आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर दाखवायचीय. सात-आठ गोल खाताना बघून ती हिरमुसून घरी यावी असं मला वाटत नाही. खरंच काही आशा आहे का, की आपण नुसतेच देशप्रेमाने बोलतोय? फुटबॉल कळणाऱ्यांनी सांगा.

बालेवाडीची_रिकामी_खुर्ची

आशा वगैरे ठीक आहे, पण 2023 चे निकाल विसरू नका. सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत तैपेईकडून 1-2. ऑक्टोबरमध्ये ताशकंदला ऑलिम्पिक पात्रता फेरीत जपानकडून 0-7, मग व्हिएतनामकडून 1-3. म्हणजे आता गटात जे तिघं आहेत, त्या तिघांकडूनही दोन महिन्यांच्या आत हरून झालंय. जून 2025 चं रँकिंग बघा: जपान 7, व्हिएतनाम 37, तैपेई 42, आपण 70.

पात्रता फेरीत मंगोलियाला 13 मारले याचं कौतुक मला सांगू नका. मंगोलिया, तिमोर-लेस्ते, इराक यांना 22 गोल मारून आशिया कपची तयारी होत नसते.

शनिवारचं तिकीट काढा. जपान या वर्षी अमेरिकेला हरवून शीबिलीव्ह्स कप जिंकलीय. त्यांच्या मिडफिल्डर हासेगावाचा पास बघायला मिळाला तरी पैसे वसूल.

फातोर्ड्याचा_आवाज

अहो पुणेकर, जरा दम धरा. पुरुषांची टीम जूनमध्ये हाँगकाँगकडून हरून आली, आयएसएल (पुरुषांची मोठी लीग) होणार की नाही त्याचा पत्ता नाही. या वर्षी भारतीय फुटबॉलात बरं काही घडलंय ते या मुलींनीच घडवलंय. पात्रता फेरी खेळून आशिया कपला जाणारी ही आपली पहिलीच महिला टीम.

आणि तैपेईशी आपला हिशेब आजचा नाही. 1979-80 च्या सुमाराला कोळिकोडला आशियाई स्पर्धेची फायनल आपण त्यांच्याशीच खेळलो होतो, 0-2 हरलो. त्या काळात आमच्या गोव्याची योलांडा डिसूझा भारताची फॉरवर्ड होती. 1983 मध्ये पुन्हा फायनल. आज कुणाला सांगितलं तर थापा मारतोय म्हणतात.

सिडनीत कुणी मराठी-कोंकणी माणूस असेल तर 10 तारखेला पॅरामाटाला जा रे बाबांनो.

पेठेतली_स्टॉपर

सांगलीच्या ताई, बुधवारची रजा आत्ताच टाका. जपान बघायचं तर जरूर बघा, पण आपली मॅच बुधवारची आहे.

मी कोल्हापूरची. स्वतः स्टॉपर, म्हणजे मधली डिफेंडर खेळायचे, आता शाळेतल्या मुलींना शिकवते. आमच्याकडं पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीम समोरासमोर आल्या की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि मुलींच्या मॅचला चार पालक अन् एक आईस्क्रीमवाला. त्यामुळं ‘पोरी काय करणार’ हे ऐकून ऐकून कान किटलेत. पण मी भावनेनं बोलत नाही, गणित मांडते.

12 टीम, 3 गट. प्रत्येक गटातल्या पहिल्या दोघी क्वार्टर फायनलला. त्याशिवाय तिसऱ्या नंबरच्या तीन टीममधल्या दोघी. म्हणजे तिसरं येऊनही पुढं जाता येतं. आणि क्वार्टरला पोचल्यावर काय होतं बघा. सेमीला गेलेल्या चौघी थेट 2027 च्या ब्राझील वर्ल्डकपला. क्वार्टर हरलेल्या चौघींची आपापसात प्ले-ऑफ, त्यातल्या जिंकणाऱ्या दोघीही ब्राझीलला. क्वार्टर हरा, नंतरची एक मॅच जिंका, वर्ल्डकप! इतकं जवळचं दार भारतीय फुटबॉलला मी तरी बघितलेलं नाही.

आता म्हणाल, तिसरं येऊन पुढं कोण जातंय? व्हिएतनामच गेलीय की! 2022 चा आशिया कप आपल्याकडंच झाला, नवी मुंबई, अंधेरी आणि बालेवाडी. व्हिएतनामच्या गटात जपान, कोरिया, म्यानमार. कोरियाकडून 0-3, जपानकडून 0-3, म्यानमारशी 2-2. तीन मॅचमध्ये मिळून एक गुण. म्यानमारलाही एकच गुण, पण त्यांनी जपानकडून पाच अन् कोरियाकडून दोन खाल्ले होते. गोलफरक, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले: व्हिएतनाम उणे 6, म्यानमार उणे 7. एका गोलाच्या फरकानं व्हिएतनाम तिसरी आली आणि क्वार्टरला गेली. तिथं चीनकडून हरली, मग प्ले-ऑफमध्ये थायलंड आणि तैपेईला हरवून 2023 च्या वर्ल्डकपला पोचली. जपानविरुद्ध चौथा-पाचवा गोल खाल्ला असता तर आज व्हिएतनामला वर्ल्डकपवाली टीम म्हणून कुणी ओळखलं नसतं.

म्हणून 7 तारखेच्या मॅचकडं मी हार-जीत म्हणून बघतच नाही. किती खातो तेवढंच बघायचं. ताशकंदमध्ये सात खाल्ले. तसं पुन्हा झालं तर व्हिएतनामशी बरोबरी करूनही उपयोग नाही. तीनवर थांबवलं तर 10 तारखेला तैपेईशी खेळताना हातात काहीतरी असेल.

जपानला तीनवर थांबवायचं म्हणजे काय, ते स्टॉपर म्हणून सांगते. त्यांच्या पोरी उगाच उंच क्रॉस टाकत नाहीत. बाजूनं एंड लाईनपर्यंत जातात आणि बॉल मागं कट करतात. आपल्या बॅक बॉलकडं बघत गोलच्या दिशेनं पळत सुटतात, चौघीही गोलीच्या पुढ्यात जाऊन उभ्या, आणि पेनल्टी स्पॉटवर जपानची एक पोरगी एकटी, पाय उघडून तयार. हे मी आमच्या चौदा वर्षांखालच्या पोरींच्या मॅचमध्ये दर रविवारी बघते. सांगणं एकच असतं: बॉल बाजूला गेला की आधी मान वळव, मागं कोण आहे बघ, मग पळ. आणि एकीनं गोलकडं न जाता स्पॉटपाशी थांबायचं. सरावात सगळ्या करतात. मॅचमध्ये सत्तराव्या मिनिटाला पाय जड झाले की पहिली गोष्ट मान वळवायची विसरते.

तिथंच माझी खरी भीती आहे. दमछाक. हांगझोऊत तैपेईविरुद्ध पहिला गोल आपलाच होता, अंजू तमांगचा. आघाडी घेऊन हरलो. पुणेकरांनी नुसता 1-2 लिहिला, तो कसा झाला ते लिहिलं नाही.

आणि मंगोलियाचे 13 मीही मोजत नाही. पण पात्रता फेरीत चौथी मॅचही होती की, थायलंडशी! थायलंड दोन वर्ल्डकप खेळलेली टीम, रँकिंग 46, मॅच त्यांच्या घरी चियांग माईला. गुण सारखे, गोलफरकही सारखा, जो जिंकेल तो ऑस्ट्रेलियाला. संगीता बासफोरनं पहिला मारला, दुसऱ्या हाफला सुरुवात होते न होते तोच थायलंडची बरोबरी. अशा वेळी आपली टीम ढेपाळते हे आपण किती वर्षं बघतोय. नाही ढेपाळली. पुन्हा संगीताच, 2-1, आणि नंतरचा सगळा वेळ मागं दाबून ठेवलं तरी फुटली नाही. थायलंड जमली तर व्हिएतनाम का नाही जमणार? सोपं नाही, पण लई लांबचंही नाही.

लेकीला सांगा, गोल कोण मारतं ते टीव्हीवर दिसेलच. मैदानावर बसलीय तर एक हाफभर फक्त आपल्या लेफ्ट बॅककडं बघ. बॉल उजव्या बाजूला असताना ती कुठं उभी असते, किती आत येते, मान किती वेळा वळवते. टीव्हीवर हे कधीच दाखवत नाहीत.

बालेवाडीची_रिकामी_खुर्ची

गणित मान्य. व्हिएतनामचं उणे 6 लक्षात नव्हतं, तपासलं, बरोबर आहे. पण तुम्ही 2022 चा विषय काढलाच आहे तर पूर्ण काढा. तेव्हा आपण यजमान होतो. डी. वाय. पाटीलवर इराणशी 0-0 झाली आणि तैपेईच्या मॅचच्या दिवशी कोविडमुळे 13 खेळाडू उभ्या करता आल्या नाहीत. स्पर्धेतून बाद, इराणची मॅचही रद्दबातल. घरच्या मैदानावरचा आशिया कप एका मॅचमध्ये संपला. माझं नाव त्यावरूनच पडलंय.

माझा मुद्दा मुलींबद्दल नाहीच. मार्चपर्यंत सात महिने आहेत. या सात महिन्यांत व्हिएतनामच्या तोडीच्या टीमशी किती मॅच खेळवणार? दमछाक सरावशिबिरात धावून जात नाही, तगड्या टीमशी 90 मिनिटं खेळून जाते. ते होणार असेल तर मी बुधवारवाला, नाहीतर शनिवारवाला.

पेठेतली_स्टॉपर

यावर भांडण नाही. कोचच्या हातात मुली द्यायच्या तर शिबिरापेक्षा मॅच द्या, हेच माझंही म्हणणं. मनीषा कल्याण ब्राझीलविरुद्ध त्यांच्याच देशात गोल मारून आलीय, 2021 ला. हरलो 1-6, पण मोठ्या टीमसमोर हात-पाय गळत नाहीत ते अशा मॅच खेळूनच. घरी बसून 5-0 जिंकून नाही.

पण ताईंनी तिकीट कुठलं काढायचं हे फेडरेशनवर अवलंबून ठेवू नका हो.

फातोर्ड्याचा_आवाज

भारतातून बघणाऱ्यांसाठी: पर्थ आपल्या अडीच तास पुढं आहे. तिथली संध्याकाळची मॅच म्हणजे आपली दुपार. ऑफिसवाल्यांनी पोटदुखीची तारीख ठरवून ठेवा.

सांगलीकर_पर्थ

सगळ्यांचे आभार. पेठेतली ताईंचं उत्तर ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं. व्हिएतनामचा उणे 6 वाचून आमच्यातला एक सीए एकदम जागा झाला, त्याने तिसऱ्या क्रमांकाच्या शक्यतांचं एक्सेल बनवलंय आणि आता तोच सगळ्यांना बुधवारचा आग्रह करतोय. सात घरं तयार झाली. नवरा अजून शनिवारवर ठाम आहे, तर दोन्ही काढू.

लेकीने विचारलंय की लेफ्ट बॅक नीट दिसायला कुठे बसायचं? गोलच्या मागे तिकीट स्वस्त असतं म्हणे.

पेठेतली_स्टॉपर

गोलमागं अजिबात नको, अंतर कळत नाही. लांब बाजूच्या स्टँडला, जमेल तितकं वर. हाफटाइमला टीम बाजू बदलतात, त्यामुळं एक हाफ लेफ्ट बॅक तुमच्या समोर येईल आणि एक हाफ पलीकडं. पलीकडं असेल त्या हाफला जास्त शिकायला मिळतं, कारण सगळी लाईन एकदम दिसते.

आणि एक काम करा ताई. तैपेईनं आणि व्हिएतनामनं कॉर्नर घेताना आपल्या कोण कुठं उभ्या होत्या याचे फोनवर व्हिडिओचे तुकडे काढता आले तर मला पाठवा. तैपेईची मॅच सिडनीला, म्हणजे तिथलं कुणीतरी शोधावं लागेल. एप्रिलमध्ये आमच्या शाळेच्या मॅच आहेत.

बालेवाडीची_रिकामी_खुर्ची

सिडनीत माझा मामेभाऊ आहे. क्रिकेटवाला आहे, पण पाठवतो त्याला.