तातडीचं: व्हिसावर ‘एफएनयू’ आलंय, क्लेपचा अर्ज कुठल्या नावाने भरायचा?

माई (सध्या आर्वीजवळ):

मंडळी, ताईकडे आहे. वीज रात्री दहानंतरच टिकते, म्हणून थोडक्यात लिहिते. भाच्याचा व्हिसा काल आला. आडनावाच्या जागी त्याचं, वडिलांचं आणि घराण्याचं अशी तिन्ही नावं सलग, आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’. पासपोर्टचा अर्ज भरून देणाऱ्याने आडनावाचा रकाना कोरा सोडला होता, हे आम्हाला आत्ता कळतंय. पोरगं त्या पानावर बोट ठेवून विचारतं, ‘मावशी, माह्यं नाव कुठी गेलं वं?’

क्लेप म्हणजे वर्गात न बसता परीक्षा देऊन अमेरिकन कॉलेजात त्या विषयाचे क्रेडिट (पदवीत मोजली जाणारी एककं) मिळवायची सोय. त्याचं खातं त्याने गेल्या महिन्यात उघडलं, ते बारावीच्या गुणपत्रिकेवरून, आडनाव स्वतंत्र रकान्यात लिहून. ऑगस्टमध्ये अमेरिकेत पोचल्यावर, सत्र सुरू व्हायच्या आत कॅल्क्युलस द्यायचं ठरलंय. केंद्रावर आत सोडतील का? आणि गुण कॉलेजात गेले तर तिथल्या ‘एफएनयू’शी जुळतील का? पासपोर्ट बदलायचा असेल तर भाऊजी सोमवारी नागपूरला जातो म्हणतात. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा.

बाळूदादा:

माई, पासपोर्टला आता हात लावू नका. नवा काढला की क्रमांक नवा, नाव नवं, आणि व्हिसा नि आय-२० (कॉलेजने दिलेला प्रवेशाचा कागद) जुन्या नावाचे. विमानतळावर ते कागद जुळवायला पोरगा एकटा असेल. ‘एफएनयू’ म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’. पासपोर्टवर आडनाव नसलं की अमेरिकेचा व्हिसा असाच छापून येतो. आमच्या ऑफिसात असे दोघे आहेत, त्यांचं काही अडलं नाही. मुदत संपून पासपोर्ट नवा करायची वेळ आली की तेव्हा आडनाव घालून घ्या.

बदलायचं ते क्लेपचं खातं. नोंदणीवरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळलं पाहिजे, हा त्यांचा नियम. त्याच्याकडे दाखवायला पासपोर्टच असणार, तेव्हा गुणपत्रिका विसरा. क्लेप घेणाऱ्या कॉलेज बोर्डाला आत्ताच लिहा आणि कोरा रकाना कसा भरायचा ते त्यांच्याकडून लेखी घ्या.

अण्णा (शिक्षण समिती):

हा विषय समितीकडे आधी यायला हवा होता. गणपतीच्या कार्यक्रमात मी यावर तासभर बोललो, तेव्हा मागे जेवणाची पंगत बसली होती. असो. नावाच्या आधीचा प्रश्न कोणी विचारलाच नाही: त्याचं कॉलेज क्लेपचं कॅल्क्युलस घेतं का? गुण २० ते ८० मध्ये मिळतात. ५० आले तर ४ क्रेडिट द्यावेत अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस आहे, पण शेवटचा शब्द कॉलेजचा. रजिस्ट्रारला विचारल्याशिवाय एक डॉलरही भरू नका.

दुसरं, मुलगा एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, येतोय. दर सत्राला किमान १२ क्रेडिटचे विषय घ्यावेच लागतात, आणि क्लेपचे ४ त्यात धरत नाहीत. ‘चार हातात आहेत, आता आठच घेतो’ असं करून बसला तर व्हिसाचा दर्जा जाईल. हे त्याला मराठीत, समोर बसवून समजावा.

छायावहिनी:

अण्णा, पंगत आम्ही बसवली कारण हॉल आठला रिकामा करायचा होता, हे तेव्हाही सांगितलं होतं.

रजिस्ट्रारचं मात्र अगदी खरं. माझ्या मुलीला क्रेडिट मिळाले, पण तिच्या विभागाने ते मुख्य विषयात धरले नाहीत, ‘इतर’ म्हणून टाकले. कॅल्क्युलस पुन्हा घ्यावंच लागलं. तेव्हा ‘घेता का’ एवढंच विचारू नका, ‘अमुक पदवीत कुठल्या कोर्सच्या बदली घेता’ असं विचारा. आणि फी भरायच्या आधी मॉडर्न स्टेट्स ही संस्था बघा. त्यांचा फुकटचा ऑनलाइन कोर्स पुरा केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं. केंद्राचे वेगळे पैसे लागतात, तेवढे मी देते. माईंनी नाही म्हणू नये.

नाना:

वहिनी, मुख्य विषयात नाही धरले तरी चार क्रेडिटची फी वाचलीच ना.

बारावी बोर्डाचं गणित केलेल्या पोराला यातलं बरंचसं येतं. निम्मा पेपर डिफरन्सिएशनचा, ४० टक्के इंटिग्रेशन, उरलेले १० टक्के लिमिट. ९० मिनिटांत ४४ प्रश्न. पहिले २७ बिनकॅल्क्युलेटरचे, ते तो उडवेल. पुढच्या १७ ना स्क्रीनवर ग्राफिंग कॅल्क्युलेटर देतात, आणि आपली पोरं तिथे अडतात. बोर्डाच्या पेपराला कॅल्क्युलेटर चालतच नाही, हात लावलेला कुठून असणार? माझ्या पुतण्याची पहिली दहा मिनिटं बटणं शोधण्यात गेली. नापास झाला आणि तीन महिने थांबला, कारण तोच पेपर त्याआधी परत देता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

त्याची खरी तयारी किती आहे?

माई:

नाना, तयारीचं विचारता तर समोर बसलाय तो. वही संपली म्हणून गेल्या हंगामातल्या कापसाच्या काटापट्ट्यांच्या पाठी इंटिग्रेशन सोडवतोय. पुढे क्विंटलचा आकडा, मागे साइन-कॉस. ताई त्या टाकू देत नाही, डब्यात जपून ठेवते. त्याला शिकवणी नाही, तालुक्याचं ज्युनिअर कॉलेज आणि एसटी, एवढ्यावर केलंय सगळं. येतं तेच पुन्हा शिकायला त्याच्या बापाने डॉलर का भरावेत, म्हणून माझी धडपड.

बाळूदादाचं पटलं. कॉलेज बोर्डाला आज रात्री लिहिते. अण्णा, रजिस्ट्रारच्या पत्राचा मसुदा तुम्हीच करून द्या, वहिनींच्या प्रश्नासकट, आणि पासपोर्टच्या पानाची प्रत जोडा असं त्यात घाला, म्हणजे गुण आले की नाव ओळखू येईल. बारा क्रेडिटचं मी त्याला आत्ताच सांगितलं, त्याने काटापट्टीवरच लिहून घेतलं. वहिनी, पैसे घेते. तो पहिल्या पगारातून परत करेल असं तोच म्हणतोय.

कॅल्क्युलेटरचा सराव इथे फोनवर होईल तेवढा करू. तो उतरल्यावर पेपरच्या आधी एक संध्याकाळ कोणी त्याच्याजवळ लॅपटॉप घेऊन बसेल का?

भाऊजींना नागपूर रद्द म्हणून सांगितलं. ‘बरं झालं, पेरनीच्या तोंडावर एक दिवस वाचला,’ म्हणाले. सोमवारी बियाणं आणायला जातायत.