मदत हवी आहे: अकरा वर्षांच्या मुलीसाठी भीतीदायक अद्भुतकथा सुचवा

नमस्कार मंडळी,

लेकीला सध्या अंगावर काटा आणणाऱ्या गोष्टींचं वेड लागलंय. रोआल्ड डालचं 'द विचेस' (१९८३) तिने एका बैठकीत संपवलं. त्यातल्या चेटकिणी पंजे लपवायला हातमोजे घालतात, त्यामुळे आता स्कूटीवरून हातमोजे घालून जाणाऱ्या प्रत्येक बाईकडे बाईसाहेब संशयाने बघतात!

मग १९९०चा सिनेमा दाखवला आणि घरात वाद पेटला. पुस्तकात चेटकिणींनी उंदीर केलेला मुलगा शेवटपर्यंत उंदीरच राहतो, सिनेमात पुन्हा माणूस होतो. "हे चीटिंग आहे," असं तिचं मत. मलाही पटलं. २०२०च्या सिनेमात तो उंदीरच राहतो, पण जुन्याची सर त्याला नाही. 'कोरालाइन' हा सिनेमाही झालाय, बटणांचे डोळे शिवायला निघालेली ती दुसरी आई बघून मीच टरकले, ही मात्र मजेत पॉपकॉर्न खात होती.

तर आता पुढे काय द्यावं? रक्तपात नको, भुताटकी चालेल, शेवट गोड नसला तरी हरकत नाही. पॅट्रिक नेसचं 'अ मॉन्स्टर कॉल्स' डोक्यात आहे, पण त्यात आईचं आजारपण आहे आणि आमच्या घरात नुकतीच आजी गेली. कुणी या वयाच्या मुलांना दिलंय का? आधी पुस्तक की सिनेमा?

आणि मुख्य म्हणजे मराठीत असं काही आहे का? नारायण धारपांच्या भयकथा अजून चार-पाच वर्षं तरी कपाटातच बऱ्या. बोधकथा कृपया सुचवू नका, ती पहिल्याच पानावर ओळखते.