भावाला दोष देणे थांबवायचे कसे?

प्रश्न: वडिलांच्या शेवटच्या आजारपणात थोरल्या भावाशी माझे बिनसले, आणि गेली चार वर्षे मी प्रार्थनेतही त्याचीच चूक देवापुढे मांडत आलो आहे. परवा गुडघे टेकले असताना आठवले, की त्या रात्री त्याचा फोन तीनदा वाजला आणि मी तो जाणूनबुजून उचलला नाही. हे आजवर कोणालाही सांगितलेले नाही. आता काय करावे?

उत्तर १: बायबलमधील उत्पत्तीच्या ३ऱ्या अध्यायात, मना केलेले फळ का खाल्ले असे देवाने विचारल्यावर, आदाम स्त्रीकडे बोट दाखवतो, तेही ‘तू मला दिलेली’ असे म्हणून, म्हणजे दोष थेट देवापर्यंत नेतो. याउलट, उरीया या आपल्या सैनिकाची बायको घेऊन त्याला मारवल्याचे नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर दावीद राजा इतकेच म्हणतो, की मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे (२ शमुवेल १२). दावीदाच्या हुकमावरून उरीयाला ठार होण्याच्या जागी उभे केले सेनापती यवाबाने, पण दावीद त्याचे नावही काढत नाही. मला हे मौन फार मोलाचे वाटते.

उत्तर २: भावाची चूक खरी असेल तर ती नव्हतीच असे मानू नका, तो भार त्याचा आहे. मात्र मत्तय ५:२३-२४ पुन्हा वाचा. तुमच्या भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असल्यास अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे येशू सांगतो.

प्रश्नकर्ता: दोघांचे आभार. काल पत्र लिहायला बसलो, तर दुसऱ्याच ओळीत ‘पण तूही’ आले. ते खोडून फक्त फोनचे लिहिले आहे.