स्पर्शावाचून काही अडत नव्हतं

येशूने आजाऱ्यांना केलेला स्पर्श म्हणजे बरं करणारी शक्ती पोहोचवायचं साधन, असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 8वा अध्याय सलग वाचून बघा. सुरुवातीला कुष्ठरोगी येतो, येशू हात पुढे करून त्याला शिवतो. लगेच पुढे शताधिपतीच्या, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या, चाकराची गोष्ट आहे, आणि तो नुसत्या शब्दाने बरा होतो. येशू त्याच्या घरीही जात नाही! म्हणजे स्पर्शावाचून काही अडत नव्हतं. तरी कुष्ठरोग्याला शिवला, तेही तो बरा होण्याआधी. बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या 13व्या अध्यायाप्रमाणे अशा माणसाने 'अशुद्ध, अशुद्ध' ओरडत वस्तीबाहेर राहायचं. त्याच्या अंगाला शेवटचा हात कधी लागला असेल कोण जाणे. त्याला आधी माणसात घेतलं, रोग मग गेला.

इथे नाशिकला शरणपूर रोडजवळ अंथरुणाला खिळलेल्या एक आजी होत्या, त्यांच्याकडे मी चर्चच्या पाळकांबरोबर (धर्मगुरूंबरोबर) जायचो. पाळक बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:14) सांगितल्याप्रमाणे कपाळाला तेल लावून प्रार्थना करायचे. सोबतच्या ताई मग कोमट पाण्याने आजींचे पाय धुवायच्या, नखं कापायच्या, बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या करायच्या. पण आधी विचारायच्या, "आजी, हात लावू का?" आजी काही उठल्या नाहीत. मात्र दारातूनच डबा ठेवून जाणाऱ्या शेजारणी हळूहळू त्यांच्या पलंगावर बसायला लागल्या. या चर्चेत कुणी आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करण्याची सभा सुचवली आहे, तिथेही हे आधी विचारणं ठेवाच.